तुझा घर एवढा मोठा का आहे?

मंगळवार, ११ मार्च. लंडन, क्रॉयडनचं ऑफिस, ट्रामच्या बाजूची मीटिंग रूम.
हजर: तेजश्री, किरण (लीड्सहून, स्क्रीनवर), ह्यू (सुरुवातीला, कॉफी संपेपर्यंत), मी.
गैरहजर: डेटाबेस.

कुठल्याही बैठकीचं टिपण मी असंच सुरू करते. ऑफिसात करते, आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत करते आणि घरी बॉयलर दुरुस्तीवाला आला तरी करते. कोण होतं, कोण नव्हतं, काय ठरलं, काय राहिलं. त्या दिवशी ‘गैरहजर’पुढे माणसाऐवजी डेटाबेस लिहिला तेव्हा किरण स्क्रीनवर मोठ्याने हसला. तेजश्री हसली नाही. ती का हसली नाही, तेच सांगायला हा लेख.

आधी माझं काम काय ते सांगते. मंडळातल्या निम्म्या लोकांना वाटतं मी हॉस्पिटलात नोकरी करते, आणि उरलेल्या निम्म्यांना वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. दोन्ही चूक. आमची कंपनी हॉस्पिटलांना एक सॉफ्टवेअर पुरवते. ज्या पेशंटांना स्वतः गाडी चालवता येत नाही किंवा बसने जाता येत नाही, त्यांना घरून न्यायला आणि परत सोडायला हॉस्पिटलच्या गाड्या असतात. कुठली गाडी कुणाला कधी उचलेल, हे ते सॉफ्टवेअर ठरवतं. ते लिहिणारे लोक वेगळे. ते ज्यावर उभं राहतं ती जमीन सारखी करणारी आमची प्लॅटफॉर्म टीम. जमीन नीट असली की कुणाचंच तिच्याकडे लक्ष जात नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

आता आमच्या धंद्यातली एकच गोष्ट समजून घ्यावी लागेल, पण मंडळाच्या नाटकात ज्यांनी कधी काम केलंय त्यांना ती सोपी जाईल. प्रयोगासाठी शाळेचा हॉल आपल्याला मिळतो एका दिवसापुरता. त्याच्या आधीच्या सगळ्या तालमी आमच्या पुढच्या खोलीत होतात. सोफा म्हणजे पोलीस स्टेशन, स्वयंपाकघराचं दार म्हणजे विंग, आणि जो नट आला नसेल त्याची वाक्यं मी वाचते. खोली लहान, पण एन्ट्री, एक्झिट, क्रम सगळं खऱ्यासारखं. तालमीत जे अडखळतं ते प्रयोगात अडखळणारच, हे आपण सगळे जाणतो.

सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. प्रोग्रॅम एकटा कधी चालत नाही. त्याला ठरावीक आवृत्तीची साधनं लागतात, ठरावीक फाइली लागतात. हे सगळं त्याच्यासकट एका डब्यात बंद करतात. त्या डब्याला कंटेनर म्हणतात. डबा कुठल्याही मशीनवर उघडा, आत तेच आणि तेवढंच. आमच्या सॉफ्टवेअरचे असे बरेच डबे आहेत: एक नकाशा बघतो, एक गाड्या बघतो, एकात डेटाबेस, म्हणजे पेशंटांची आणि पत्त्यांची सगळी माहिती. खऱ्या प्रयोगात हे डबे अनेक मशीन्सवर वाटलेले असतात. त्या सगळ्या मेळाला क्लस्टर म्हणतात. आणि त्याला सांभाळणारी कुबरनेटीस नावाची एक प्रणाली असते. ती म्हणजे आपली बॅकस्टेजवाली. नट चक्कर येऊन पडला की ती त्याला उठवून पुन्हा स्टेजवर ढकलते, नाहीच उठला तर बदली नट पाठवते. तिला नाटक कळत नाही, यादी कळते. म्हणूनच आमचं जमतं.

पुढच्या खोलीतली तालीम म्हणजे लोकल क्लस्टर. स्वतःच्या लॅपटॉपवर, एकच मशीन अनेक मशीन्स असल्याचं सोंग करतं आणि त्यात सगळे डबे उभे राहतात.

पूर्वी आमच्याकडे सगळ्यांना मिळून तालमीची एकच जागा होती. एकाने काही मोडलं की सगळे हात बांधून बसायचे. म्हणून ठरलं की प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर क्लस्टर उभा करायचा. सूचना मी लिहिल्या, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्या शेजारी जाऊन बसले. या कामात मला जी माणसं भेटली त्यांच्यावर वेगळा लेख होईल. केंब्रिजमधलं संशोधन सोडून आमच्याकडे आलेल्या एका गृहस्थांचा लॅपटॉप क्लस्टर सुरू झाला की तापायचा. त्यांनी तो फ्रोझन मटारच्या पाकिटावर ठेवला. मटार विरघळले. दुसऱ्या दिवशी मी सूचनांमध्ये ‘लॅपटॉप कोरड्या जागी ठेवावा’ अशी ओळ घातली, आणि ती ओळ आजही तिथे आहे. दुसऱ्या एका बाईंनी लॅपटॉपची सगळीच्या सगळी मेमरी क्लस्टरला देऊन टाकली. स्टेज भव्य झालं, पण माउससुद्धा हलेना. त्या अत्यंत शांतपणे मला म्हणाल्या, “हे असंच असतं का?”

तर, तेजश्री. नागपूरची. आमच्या कंपनीत नवी, व्हिसा कंपनीच्या नोकरीला बांधलेला, प्रोबेशन संपत आलेलं. गुरुवारी तिच्या कामाचा शेवटचा आढावा होता. ह्यू आमचा मॅनेजर. स्वभावाने चांगला, पण त्याने आधीच सांगून ठेवलं होतं: तू केलेलं काम तुझ्या लॅपटॉपवर, पूर्ण यंत्रणेसकट चालवून दाखव. ते दाखवता आलं तर नोकरी पक्की. नाही तर नोकरी जाणार आणि नोकरीमागून व्हिसाही. नवरा निखिल आणि मुलगी सई नागपुरातच होते. प्रोबेशन झाल्याशिवाय त्यांनी यायचं नाही, सईची शाळा सोडायची नाही, असं ठरलं होतं. तेजश्री एका खोलीत राहत होती आणि तिने दुसरी सूटकेस अजून उघडलीही नव्हती. हे तिने मला एकदा लंचला सांगितलं, अगदी सहज, हवामान सांगावं तसं.

तिचं काम चांगलं होतं. उगाच चांगलं म्हणायची मला सवय नाही. पेशंटची तपासणी लवकर उरकली तर त्याला परत नेणारी गाडी आधी आणता येईल का, हे शोधणारा भाग तिने लिहिला होता. म्हातारी माणसं तपासणी झाल्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर किती ताटकळतात, हे इथल्या कुठल्याही हॉस्पिटलात जाऊन बघावं. कोड मी वाचला होता. फक्त तो तिच्या लॅपटॉपवर चालत नव्हता.

मंगळवारी सकाळी ह्यू डोकावून, कॉफी संपवून, “मी गुरुवारी बघेनच,” म्हणून गेला. दार बंद झालं. किरण लीड्सहून जोडला गेला होता. तो तेजश्रीचा टीमलीड. लीड्सलाच जन्मलेला, आईवडील मूळचे साताऱ्याचे. त्याचं मराठी प्रेमळ आहे पण त्यात लिंगभेद नाही. ऑफिसात तो मला अनघा म्हणतो, मंडळाच्या कार्यक्रमाला आला की अनघाकाकू, आणि घाईत असला की दोन्ही.

“चालूनच नाही राहिलं ना ताई,” तेजश्री म्हणाली. “मी तर सगळं केलं, तुम्ही लिहिलं तसंच.”

“मग चल, यादी घेऊ. मी वाचते, तू दाखव.”

डबे चालवणारं सॉफ्टवेअर आहे? आहे. क्लस्टरला मेमरी दिली? दिली, बेताची. क्लस्टर उभा राहिला? राहिला. डबा भरला? भरला. क्लस्टरमध्ये चढवला? “चढवला, पण लई वेळ लागून राहिला होता.” मी म्हटलं, ऑफिसचं नेट मंद आहे. पुढे. नकाशाचा डबा चालू, गाड्यांचा चालू, डेटाबेसचा चालू. आणि तेजश्रीचा डबा? सुरू झाला, पडला. बॅकस्टेजवालीने उठवला. पुन्हा पडला. पुन्हा उठवला. दर खेपेला ती दोन उठवण्यांच्या मध्ये थोडं जास्त थांबते, कारण तिलाही कळतं की या माणसाचं काही खरं नाही.

पडताना डबा एकच वाक्य बोलत होता: डेटाबेस सापडत नाही.

“अरे, शेजारच्याच खोलीत आहे!” मी स्क्रीनला म्हटलं. खरंच होता. डेटाबेसचा डबा ठणठणीत उभा होता. मी दुसऱ्या बाजूने जाऊन त्याला प्रश्न विचारला, त्याने उत्तर दिलं. सेटिंगमध्ये त्याचा पत्ता बघितला, अचूक. मी स्वतः लिहिलेला. दुपारपर्यंत आम्ही यादीवरून पुन्हा फिरलो. प्रत्येक ओळीला बरोबरची खूण आणि तरीही शेवटी डबा जमिनीवर. असल्या वेळी मी घाबरत नाही. चुकीची खूण कुठेतरी असतेच, ती फक्त आपल्याला बरोबर वाटत असते. पण माझं काही पणाला लागलेलं नव्हतं. तेजश्रीने टेबलावरचा चहा हातही न लावता बाजूला सरकवला.

“निखिलचा मेसेज आहे,” ती म्हणाली. “सईच्या शाळेची पुढच्या वर्षाची फी भरायची का, विचारून राहिला. काय सांगू त्याला?”

“गुरुवारी सांगते, म्हणून सांग.”

“काहून, ताई? गुरुवारी काय नवीन होणार आहे?”

“नवीन काही नाही. जे आहे तेच दिसेल. डबा पुन्हा भर, मला पहिल्यापासून बघायचंय.”

तिने डबा भरायला घेतला. स्क्रीनवर ओळ आली, आत किती सामान चाललंय त्याचा आकडा फिरायला लागला आणि फिरतच राहिला.  किरण जरा पुढे वाकून म्हणाला, “तेजश्री, एक क्वेश्चन आहे. तुझा घर एवढा मोठा का आहे?”

तेजश्री थबकली. “मोठं? कोण म्हणालं तुला? एक रूम आहे. किचन शेअरिंग. फ्रिजमध्ये एक शेल्फ माझं, त्यातही लँडलॉर्डचं चीज.”

“नाही नाही, तो घर नाही. हा घर. स्क्रीनवर. इट्स ह्यूज!”

“काय बोलून राहिला हा?” तिने मला विचारलं.

मी स्क्रीनकडे बघितलं. डबा भरायच्या ओळीत डावीकडे फोल्डरचं नाव होतं. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द मराठी: घर. आणि पुढे आकडा. आमच्या सगळ्या डब्यांचं मिळून जेवढं वजन होतं, त्याच्या कितीतरी पट तिच्या या एका डब्याचं. नेट मंद नव्हतं. सामान जास्त होतं.

“तेजश्री, या फोल्डरमध्ये काय काय आहे?”

“प्रोजेक्ट आहे ना.”

“आणि?”

“आणि...” तिने फोल्डर उघडला, आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. सईचे फोटो. शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ. लग्नाचा अल्बम. डिग्रीची सर्टिफिकेटं, व्हिसाचे कागद, आईचे ब्लड रिपोर्ट, वर्धा रोडवरच्या फ्लॅटचा नकाशा. नागपूरहून निघताना तिने जे म्हणून जपून ठेवायचं ते सगळं एका फोल्डरमध्ये घातलं होतं आणि त्याला ‘घर’ नाव दिलं होतं. इथे लॅपटॉप मिळाल्यावर तो फोल्डर जसाच्या तसा त्यात उतरवला. आणि मग कामही त्यातच सुरू केलं, कारण उघडल्या उघडल्या तोच समोर दिसायचा.

डबा भरण्याची सूचना होती, ‘या फोल्डरमध्ये आहे ते सगळं आत घे.’ सूचना माझीच. ती इमानदारीने पाळली गेली होती. एका छोट्याशा प्रोग्रॅमबरोबर डब्यात आख्खं नागपूर भरलं गेलं होतं.

“हे आधी ऑफिसच्या मशीनवरून काढ आणि स्वतःच्या डिस्कवर ने,” मी म्हटलं. “आणि मला लपलेल्या फाइली दाखव.”

काही फाइलींच्या नावाची सुरुवात टिंबाने होते आणि त्या सहसा दिसत नाहीत. नेहमीच्या नजरेला नाही, पण डबा भरणाऱ्याला दिसतात. अशी एक तिथे होती. जॉइन झाल्यावर पहिल्या दिवसांत तेजश्री प्रोग्रॅम डब्याशिवाय, थेट लॅपटॉपवर चालवायची, तेव्हाची. त्यात एक ओळ: डेटाबेस कुठे आहे? लोकलहोस्ट.

लोकलहोस्ट म्हणजे काय, हे मी आजवर बऱ्याच जणांना शिकवलं. ‘हेच मशीन’ असं सांगायचे. पण त्या दिवशी किरणच्या त्या पुल्लिंगी घराने मला त्याचं खरं मराठी दिलं. लोकलहोस्ट म्हणजे ‘घरी’.

किरण “घरी जातो” म्हणाला की तो लीड्सला जातो. तेजश्री “घरी फोन करते” म्हणाली की फोन नागपूरला लागतो. मी “घरी ये” म्हटलं तर क्रॉयडनमध्ये यायचं असतं, आणि माझा भाऊ “घरी कधी येतेस?” विचारतो तेव्हा तो पुण्याचं विचारत असतो. शब्द एकच, बोलणारा बदलला की पत्ता बदलला. तेजश्री थेट लॅपटॉपवर काम करत होती तेव्हा ‘डेटाबेस घरी आहे’ हे खरंच होतं. घर म्हणजे लॅपटॉप, आणि डेटाबेस तिथेच होता. पण प्रोग्रॅम डब्यात गेल्यावर त्याचं घर म्हणजे तो डबा. तो आतल्या आत शोधत होता. तिथे सईचे फोटो होते, डेटाबेस नव्हता. मी बाहेर लिहून दिलेला पत्ता बरोबर होता, पण आमचा प्रोग्रॅम आधी स्वतःच्या खिशातली चिठ्ठी वाचतो. चिठ्ठीत लिहिलेलं ‘घरी’. शोधलं, नाही सापडला, पडला.

मी हे बोलून दाखवलं. तेजश्रीने चिठ्ठीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

“म्हणजे मी घर सोबत घेऊन गेली, आणि तो तिथंच शोधून राहिला.”

“हो. त्याला घरी नको पाठवूस. शेजाऱ्याच्या नावाने पाठव. क्लस्टरमध्ये प्रत्येक डब्याला नाव असतं.”

“मी सॉल्व्ह केला का?” किरणने विचारलं.

“केलास,” मी म्हटलं. “तुझ्या व्याकरणाने केलं.”

नवा, रिकामा फोल्डर. त्यात फक्त प्रोजेक्ट. टिंबवाली फाइल बाहेर. डबा पुन्हा भरला तर एवढा हलका की तेजश्रीला शंका आली काहीतरी राहिलं की काय. क्लस्टरमध्ये चढवला. सुरू झाला. आम्ही वाट बघितली. पडला नाही. ब्राउझरमध्ये तिचं पान उघडलं आणि आमच्या तालमीतल्या कायमच्या काल्पनिक पेशंट, मिसेस टेस्ट, तपासणी लवकर उरकल्यामुळे आधीच्या गाडीने घरी निघाल्या. मी टिपणात ‘गैरहजर’ खोडून डेटाबेस वरच्या ओळीत नेला.

तेजश्रीने डोळे पुसले, हसली, आणि लॅपटॉप असा धरला जसं काही त्यात दूध काठोकाठ भरलंय.

“छान,” मी म्हटलं. “आता पुसून टाक.”

“काय?”

“क्लस्टर. सगळा. एका आज्ञेत जातो.”

“ताई, तुम्हाला बरं वाटून राहिलं ना? सकाळपासून जीव काढला, आत्ता कुठं उभा राहिला!”

“म्हणूनच. आज तो उभा आहे कारण आपण सकाळपासून त्यात हात घातले. कुठल्या हाताने उभा राहिला ते आपल्यालाही माहीत नाही. पुसून पहिल्यापासून उभा राहिला तर तो तुझा. नाही तर तो योगायोग.”

“आणि नाही राहिला उभा तर?”

“तर आज मंगळवार आहे.”

लोकल क्लस्टरची हीच खुबी मी सगळ्यांना सांगते, आणि हीच कुणाला पटत नाही. शाळेच्या हॉलचा सेट मोडला तर गोंधळ होईल. पुढच्या खोलीतला सोफा कितीही वेळा सरकवा. पण आम्ही जी माणसं लांबून येऊन इथे एकेक गोष्ट उभी करतो, बँक खातं, डॉक्टरकडे नोंदणी, खोली, त्यांना उभं राहिलेलं काही स्वतःच्या हाताने मोडायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. मला हे कळतं. तरी मी हटले नाही.

तिने आज्ञा लिहिली. शेवटचं बटण दाबण्याआधी माझ्याकडे बघितलं. मी ट्रामकडे बघत होते. तिने दाबलं. सगळं गेलं. मग तिने यादी स्वतः हातात घेतली, मी काही वाचलं नाही, आणि एकेक ओळ करत पुन्हा सगळं उभं केलं. मध्ये एकदा अडली, तिची तीच सुटली. मिसेस टेस्ट पुन्हा वेळेआधी घरी गेल्या. तेजश्रीने थंड झालेला चहा एका दमात पिऊन टाकला आणि विचारलं, “अजून एकदा करू का?”

गुरुवारी आढावा झाला. ह्यू, तेजश्री, आणि साक्षीदार म्हणून मी. तिने काम दाखवलं, न अडखळता. ह्यूने दोन-तीन प्रश्न विचारले, मान हलवली आणि मग खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “हे तुझ्या मशीनवर चालतंय, उत्तम. माझ्या मशीनवर चालेल?”

आमच्या धंद्यातलं सर्वांत बदनाम वाक्य म्हणजे ‘माझ्याकडे तर चालतंय’. त्यामुळे प्रश्न रास्त होता. पण ठरलेल्यात नव्हता. तेजश्रीने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा ट्रामकडे बघितलं.

“ट्राय करू,” ती म्हणाली आणि ह्यूचा लॅपटॉप पुढे ओढला.

ह्यूने एकेकाळी चांगला कोड लिहिला, असं म्हणतात. आता त्याचा लॅपटॉप मीटिंगा आणि सुट्ट्यांच्या कामी येतो. सूचना पाळत ती एकेक पायरी चढली. डबे उभे राहायला लागले आणि मग एकापुढे शब्द आला: प्रतीक्षेत. म्हणजे नट तयार आहे, स्टेजवर जागा नाही. क्लस्टरला मेमरी वाढवून द्यायची, तर ती कुणाकडून तरी काढून घ्यावी लागणार. तेजश्रीने बघितलं ती कुणाकडे आहे. मी बघत होते, तिला दिसलं ते मलाही दिसलं, आणि तेही दिसलं की ती सांगावं की नाही या विचारात आहे. प्रोबेशनवरच्या माणसाने प्रोबेशन ठरवणाऱ्या माणसाला काय सांगावं?

“ह्यू,” ती शेवटी म्हणाली, इंग्रजीत आणि अगदी गोड आवाजात, “तुझ्या ब्राउझरमधले टॅब बंद करावे लागतील.”

“कुठले?”

“सगळे.”

ह्यू पुढे सरकला. वेल्समधलं एक कॉटेज बंद झालं. मग दुसरं कॉटेज. छताची पन्हळ साफ करणारे तीन निरनिराळे लोक. ग्रीनहाऊस. वाइनची एक पेटी. एका टॅबवर त्याचा हात थांबला. “हा राहू दे. बायकोने उघडा ठेवायला सांगितलाय.”

“आय ॲम अफ्रेड, दॅट वन ॲज वेल,” तेजश्री म्हणाली.

मी कधीही विसरणार नाही असं तिचं हे वाक्य. ह्यूने तो टॅब बंद केला. तिने क्लस्टरला जागा दिली, प्रतीक्षेतला नट स्टेजवर गेला आणि मिसेस टेस्ट ह्यूच्या लॅपटॉपवरूनही लवकर घरी पोचल्या. ह्यूने पानाकडे बघितलं, सूचनांकडे बघितलं. सूचनांमध्ये तेजश्रीने बुधवारी दोन ओळी वाढवल्या होत्या: ‘प्रोजेक्ट स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवा. लोकलहोस्ट म्हणजे जो बोलतो त्याचं घर.’

“ही दुसरी ओळ कुणाची?” त्याने विचारलं.

“माझी,” ती म्हणाली.

“हे मला पहिल्यांदाच नीट कळलं,” ह्यू म्हणाला. “तुझं पक्कं झालं. माझ्या बायकोला काय सांगायचं ते मात्र तू ठरव.”

बाहेर येऊन तिने निखिलला फोन लावला. मी थोडी मागे राहिले, पण कॉरिडॉर छोटा आहे. “फी नको भरू,” ती म्हणत होती. “अरे, नको भरू म्हणून राहिली मी!” आणि मग बराच वेळ नुसतं हं, हं.

उन्हाळ्यात निखिल आणि सई आले. ईस्ट क्रॉयडन स्टेशनजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. दुसरी सूटकेस उघडली, आणि त्यात सईला लहान झालेले कपडे निघाले. वास्तुशांतीसारखं काही केलं नाही, पण चहाला बोलावलं. किरण लीड्सहून खास आला, ढोकळा घेऊन. सगळीकडे फिरून बघितलं आणि म्हणाला, “तेजश्री, तुझा घर मस्त आहे.”

“तुझं,” सई म्हणाली. तिचा शाळेत व्याकरणात पहिला नंबर असायचा.

“माझा? नाही, माझा लीड्सला आहे.”

आम्ही हसत असताना तेजश्रीने माझ्यापुढे चहा ठेवला आणि शेजारी बसली. आता नवीन लोक आले की त्यांच्याबरोबर तीच बसते. मी पुढच्या वर्षी आठवड्याचे तीनच दिवस काम करणार आहे आणि त्याच्या आधी माझ्याकडचं सगळं तिच्या हातात द्यायचं ठरलंय.

“ताई, एक विचारू? तुमचा क्लस्टर तुम्ही शेवटचा कधी पुसला?”

मी ढोकळ्याची बशी पुढे केली. तिने घेतली नाही.

“सांगा ना.”

माझ्या जुन्या लॅपटॉपवरचा क्लस्टर मी वर्षानुवर्षं चालवते आहे. सगळ्या सूचना मी आधी त्याच्यावर करून बघते. तिथे चालल्या की लोकांना देते. त्यात मी वेळोवेळी हाताने काय काय केलंय, ते सगळं कुठे लिहिलेलं नाही. निम्मं मला आता आठवतही नाही. म्हणूनच तो पुसायला हवा. आणि म्हणूनच, खरं सांगायचं तर, हात होत नाही. मी सगळ्यांना सांगत आले, पुसून उभा राहिला तर तुमचा, नाही तर योगायोग. माझा काय आहे ते मला अजून माहीत नाही.

“दिवाळीच्या आधी,” मी म्हटलं.

“मी येईन बसायला,” तेजश्री म्हणाली. “ट्रामकडे बघत.”

हा लेख मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांना पाठवायला काढला आहे, म्हणजे दिवाळी आलीच. टिपण तयार आहे.

तारीख:
हजर: तेजश्री (शेजारच्या खुर्चीत), मी.
काम: अनघाचा क्लस्टर पुसणे आणि तेजश्रीच्या सूचनांवरून पहिल्यापासून उभा करणे.
झालं: